पालिकेच्या दारात दोन जावा

मैत्रिणींनो, मुंबईला जायचं म्हटलं की आपली यादी ठरलेली असते. सिद्धिविनायक, राणीची बाग, चौपाटी आणि दादरची साडी-खरेदी! पण मागं भाच्याच्या साखरपुड्याला मी आणि माझी धाकटी जाऊ गेलो, तेव्हा यादीत नसलेली एक जागा पाहिली. मुंबई महापालिकेची जुनी इमारत. “पालिका काय बघायची? घरपट्टी भरायला जातात तिथं,” असं म्हणून सासूबाई हसल्या. आम्ही मात्र गेलोच.

आपल्या धाराशिवकडून जाणं अगदी सोपं. रात्री लातूर-मुंबई गाडीत बसायचं, सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरायचं. स्टेशनाबाहेर आलं की रस्त्यापलीकडं ही इमारत उभीच! स्टेशन आणि पालिका, दोन्हींचे आराखडे फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचेच. 1884 मध्ये पायाभरणी झाली आणि 1893 मध्ये इमारत पुरी झाली. उंच मनोरा, टोकदार कमानी, दगडातली नक्षी. मान दुखेपर्यंत वर बघत राहावं! दर्शनी भागावर पंख असलेली एक स्त्री कोरली आहे. ती म्हणजे मुंबई नगरी. समोर फिरोजशहा मेहतांचा पुतळा आहे.

मला सगळ्यांत आवडली ती हिशेबाची गोष्ट. एवढा डोलारा 12 लाखांच्या आत उभा राहिला, तोही मंजूर रकमेपेक्षा कमी खर्चात! महिन्याच्या पंचवीस तारखेला डबे चाचपणाऱ्या आपल्यासारखीला त्याचं मोल कळतं.

आत सभागृह पाहिलं. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी 2026 मध्ये झाली. आम्ही गेलो ते या मधल्या काळात, त्यामुळं बाकं रिकामी. जाऊबाई दारातच थबकली. हळूच म्हणाली, “आक्का, हितं बाया बी बसत्यात व्हय?”

आता सांगायला हरकत नाही. ही माझी जाऊ ग्रामपंचायतीची सदस्य आहे. राखीव जागेवर निवडून आली. पण बैठकीला जायचे ते आमचे भाऊजी. प्रोसिडिंग घरी यायचं, ही चुलीपुढून उठून पदराला हात पुसायची आणि दाखवतील तिथं सही करायची. घरात कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं. खरं सांगते, मलाही नाही.

मी तिला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. 1956 मध्ये सुलोचना मोदी मुंबईच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. 1961 मध्ये मृणाल गोरे नगरसेविका झाल्या आणि गोरेगावच्या पाण्यासाठी इतक्या भांडल्या, की लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. 2011 पासून तर आपल्या राज्यात स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा बायकांच्या.

“पाण्यासाठी?” एवढंच तिनं विचारलं. नळदुर्गचा पाणीमहाल आपण पाहुण्यांना कौतुकानं दाखवतो. पण उन्हाळ्यात टँकरची वाट बघत घागरी कोण मांडतं, हे तिला सांगायला नको होतं. परतीच्या गाडीत ती फारसं बोलली नाही.

तुम्हाला ही इमारत पाहायची असेल तर काही सूचना. लोकांना वाटाड्यासोबत आत फिरवण्याची सोय जानेवारी 2021 मध्ये सुरू झाली, शनिवार-रविवारसाठी. निघण्यापूर्वी ती चालू आहे ना याची चौकशी करा आणि नाव आधी नोंदवा. ओळखपत्र जवळ ठेवा. जिने पुष्कळ आहेत, तेव्हा टाचेच्या चपला नकोत. दशम्या आणि शेंगादाण्याची चटणी बरोबर घ्या. प्रवासात टिकते आणि पैसेही वाचतात. मुलांना अवश्य न्या. आत जायला नाहीच मिळालं, तरी संध्याकाळी दिवे लागल्यावर रस्त्यावरून बघा.

आणि गावी परतल्यावर आपल्याही ग्रामपंचायतीची, नगरपालिकेची पायरी एकदा चढा. दाखला आणायला नाही, नुसतं बघायला. खुर्च्या किती, बायका किती, आणि त्यांतल्या बोलतात किती!

पुढच्या बैठकीला भाऊजींनी चपला घातल्या, तेव्हा जाऊबाई आधीच उंबऱ्याबाहेर उभी होती. “आज मीच जाते. टँकर आधी कुठल्या आळीला जातो, तेवढं विचारायचंय.” भाऊजी सासूबाईंकडं बघत राहिले. सासूबाई म्हणाल्या, “बघता काय? भाकरी टोपल्यात हायेत. वाढून घ्या.”