मशीन मिळाले, पुढे?

राज्य सरकारच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षे पूर्ण झालेल्या आणि दोन लाखांच्या आत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ज्येष्ठाच्या खात्यात एकदाच तीन हजार रुपये जमा होतात. त्यातून काय घ्यावे याची यादीही 2024 मध्ये योजना जाहीर करतानाच दिली गेली: चष्मा, श्रवणयंत्र, ट्रायपॉड काठी, वॉकर, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा, मानेचा पट्टा. तीन हजारांत काठी येते, पट्टा येतो, बऱ्यापैकी चष्माही येतो. कानामागे लावायचे साधे डिजिटल मशीन मात्र खासगी दुकानात एका कानाचेच दहा-पंधरा हजारांपासून सुरू होते आणि लाखाच्या पुढेही जाते. त्यावर जीएसटी नाही, तरी ही किंमत. श्रवणयंत्र यादीत आहे. तेवढ्या पैशांत ते येत नाही.

तेवढ्यात मिळते ते आवाज मोठा करणारे यंत्र. खिशात डबी, तिच्यातून कानापर्यंत वायर, किंवा ऑनलाइन मागवलेला कानात खोचायचा तुकडा. म्हातारपणी कानाची नस कमजोर होते तेव्हा आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. म्हणजे स, श, फ, थ ही व्यंजने. स्वर बराच काळ शाबूत राहतात. म्हणून आजोबांना ‘साठ’ आणि ‘आठ’, ‘सात’ आणि ‘हात’ यांतला फरक कळेनासा होतो आणि ‘ऐकू येतं रे, पण काय म्हणतोस ते समजत नाही’ अशी त्यांची तक्रार असते. ती शब्दशः खरी असते. घरचे मात्र ‘यांना हवं तेवढंच ऐकू येतं’ म्हणून मोकळे होतात. अशा कानाला सगळेच आवाज सरसकट वाढवून दिले की पंखा, भांडी, रस्त्यावरचे हॉर्न अंगावर येतात आणि समोरच्याचे बोलणे होते तिथेच राहते. कोणती पट्टी किती उचलायची हे त्या माणसाच्या ऑडिओग्रामवरून, म्हणजे कानाच्या तपासणीच्या आलेखावरून, ठरवावे लागते, आणि ते ठरवणारा माणूस, म्हणजे ऑडिओलॉजिस्ट, लागतो. सरकारी योजनांत नेमका तोच दिसत नाही.

केंद्राच्याही योजना आहेत. दिव्यांगांना साहित्य देणारी ‘एडिप’ 1981 पासून चालू आहे. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय वयोश्री योजना 2017 मध्ये आली. साहित्य मुख्यतः कानपूरच्या ‘अलिम्को’ या सरकारी कंपनीकडून येते. आधी तपासणी शिबिर, मग काही महिन्यांनी वाटप शिबिर. एका तालुक्याच्या गावी पाहिलेले वाटप डोळ्यांसमोरून हलत नाही. मंगल कार्यालयात मोठमोठे स्पीकर लावून भाषणे चालली होती. नाव पुकारल्यावर सत्तरी ओलांडलेल्या एक आजी पुढे आल्या. कार्यकर्त्याने खोक्यातून मशीन काढून त्यांच्या कानात बसवले, आवाज पूर्ण वाढवला आणि फोटो झाला. मशीन शीळ घालत होते. आजींनी दोन्ही हातांनी कान झाकून घेतले आणि खाली उतरताना ते काढून पदराच्या टोकाला बांधले. कोणी त्यांना दोष दिला नाही, कोणी थांबवलेही नाही. पुढच्या नावाचा पुकारा झाला.

ती शीळ कशाने येते हे कुठलाही ऑडिओलॉजिस्ट चटकन सांगेल. मशीनमधून निघालेला आवाज कानाबाहेर गळतो आणि पुन्हा माइकमध्ये शिरतो. त्या माणसाच्या कानाचा साचा करून बसवला की गळती थांबते. त्यासाठी कानात आत कापसाचा बोळा ठेवतात, पिचकारीने मऊ लगदा भरतात, पाच-सात मिनिटांत तो घट्ट होतो आणि कानाच्या आकाराचा गोळा अलगद बाहेर येतो. त्यावरून मोल्ड तयार होतो. काम किचकट नाही, खर्चही फार नाही. पण माणसाला दुसऱ्यांदा बोलवावे लागते. मग आवाज बसवायला तिसऱ्यांदा, आणि महिन्याभराने पुन्हा एकदा. चष्मा नाकावर ठेवला की अक्षर स्पष्ट होते. कानाचे तसे नाही. कित्येक वर्षे न ऐकलेले आवाज अचानक आले की मेंदू आधी वैतागतो. रोज तासभर, मग दोन तास, आधी शांत खोलीत एकाच माणसाशी बोलत, अशी सवय लावावी लागते. हे सांगायला कोणी नसेल तर मशीन कपाटात जाते.

त्यात सेलचा प्रश्न. कानामागच्या बहुतेक मशीनना बटणाएवढा झिंक-एअर सेल लागतो. त्यावरचा रंगीत कागद सोलला की हवा लागून तो चालू होतो आणि आठवडा-दोन आठवडे टिकतो. वापरा न वापरा, कागद काढल्यावर तो संपू लागतो, हेही पुष्कळांना सांगितलेले नसते. तालुक्याच्या मेडिकलमध्ये हे सेल सहसा मिळत नाहीत. घड्याळाचा सेल पुढे केला जातो. कोकणातल्या पावसाळ्यात दमट हवेने मशीनच्या नळीत पाणी धरते. रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवावे लागते. नळी कडक होते, ती बदलावी लागते. या दोन मिनिटांच्या कामासाठी गुहागर किंवा गडचिरोलीच्या माणसाने मोठे शहर गाठायचे?

कायद्याची मोजपट्टीही पाहावी. दिव्यांग हक्क कायदा 2016 प्रमाणे दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबल घट असेल तर माणूस ‘ऐकू कमी येणारा’ आणि 70 च्या पुढे कर्णबधिर. ‘एडिप’ला 40 टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. आता हाताच्या अंतरावरचे साधे बोलणे असते सुमारे 60 डेसिबलचे. ज्याची घट 50 ची आहे त्याला ते कसेबसे कानी पडते. स्वयंपाकघरातून मारलेली हाक, बँकेच्या काचेपलीकडचा कारकून, एसटी स्टँडवरची घोषणा त्याच्यासाठी संपलेली असते. जागतिक आरोग्य संघटना चांगल्या कानात 35 डेसिबलच्या वर घट गेली की उपचार-मदतीची गरज मानते. आपल्याकडे 35 ते 60 मधला माणूस दाखल्याच्या दृष्टीने ठणठणीत. तो जातो खासगीकडे.

तिथे ‘मोफत कान तपासणी’चा फलक असतो. तपासणी मोफत असते तेव्हा तपासणाऱ्याचा पगार मशीनच्या विक्रीतून निघतो. सगळे फसवतात असे अजिबात नाही; मन लावून, वेळ देऊन काम करणारे ऑडिओलॉजिस्ट खासगीतच जास्त आहेत, कारण सरकारीत त्यांना जागा फारच कमी आहेत. पण बिलावर एकच आकडा असतो. त्यात यंत्राचे किती, मोल्डचे किती, पुढच्या दोन-तीन वर्षांच्या सेटिंगचे किती, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. मग चॅनेल किती, मोबाइलला जोडते का, यावर किंमत चढत जाते. माजघरात बसून नातवाशी बोलू इच्छिणाऱ्या बाईला याचा फारसा उपयोग नसतो. म्हणून तीन गोष्टी मागूनच घ्याव्यात: ऑडिओग्रामची छापील प्रत, घरी वापरून पाहण्याची मुदत, आणि तपासणाऱ्याचा पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक. 1992 च्या कायद्याने ती नोंदणी सक्तीची आहे. आणि त्याही आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरला कान दाखवावा. कित्येकांच्या कानात नुसता मळ घट्ट बसलेला असतो. तो काढला की मशीनची गरजच उरत नाही. काहींचा कान वाहत असतो. त्यात मोल्ड ठोसला तर दुखणे वाढते. हे पाहायला जिल्हा रुग्णालयाची ओपीडी पुरेशी आहे. केसपेपर काढून एक सकाळ घालवावी, पण हे टाळू नये. तेल, पिन, काडी कानात घालणे मात्र आजच बंद करावे.

मुलांची कथा याहून वेगळी नाही. शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी सरकार काही लाख देते, आणि ते द्यायलाच हवेत. पण वॉरंटी संपल्यावर त्याच्या बाहेरच्या प्रोसेसरची केबल तुटली की ती घेणे आईबापांवर येते, आणि केबल येईपर्यंत मूल पुन्हा शांततेत. भाषा शिकण्याच्या वयातले ते आठवडे भरून निघत नाहीत.

मार्ग आहे, आणि तो कोणी शोधून काढायचा उरलेला नाही. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा 1948 पासून श्रवणयंत्र विनामूल्य देते. सेल आणि दुरुस्तीही त्यातच. इंग्लंडच्या अनेक भागांत 2012 पासून हे काम पात्र खासगी केंद्रांनाही दिले गेले. सरकार त्यांना एका रुग्णामागे ठरीव रक्कम देते, आणि तीत तपासणी, यंत्र, ते बसवणे, फेरतपासणी आणि तीन वर्षांची देखभाल असे सगळे येते. महागडे मशीन गळ्यात मारून केंद्राला जादा काही मिळत नाही. रुग्ण सरकारी दवाखान्यात जावो की कोपऱ्यावरच्या दुकानात, त्याचा खिसा रिकामा होत नाही. अनेक तालुक्यांत सरकारी ऑडिओलॉजिस्ट नाही पण आठवड्यातून एकदा येणारा खासगी आहे, अशा महाराष्ट्राला हीच रीत सोयीची.

त्यासाठी लागणारी माणसेही इथेच तयार होतात: वांद्र्याची अली यावर जंग संस्था 1983 पासून ऑडिओलॉजीचे शिक्षण देत आहे. मुंबईत नायर रुग्णालयात आणि पुण्यातही अभ्यासक्रम आहेत. पदवीच्या चार वर्षांतले शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे. बधिरता नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 2007 पासून कागदावर आहे, जिल्हा रुग्णालयात तपासणीची यंत्रे देण्याची तरतूद त्यात आहे. शेवटच्या वर्षाच्या या विद्यार्थ्यांना अनुभवी ऑडिओलॉजिस्टच्या हाताखाली उपजिल्हा रुग्णालयांत आठवड्यातून एक ठरलेला वार द्या. त्या दिवशी साचे घेतले जातील, आवाज बसवले जातील, नळ्या बदलल्या जातील, सेल मिळतील. वयोश्रीच्या पुढच्या आढाव्यात तीन हजारांच्या यादीतून श्रवणयंत्र वेगळे काढून त्याची रक्कम या देखभालीसकट ठरवावी. आणि वाटप शिबिराच्या अहवालात किती मशीन दिली याच्या शेजारी आणखी एक रकाना सक्तीचा करावा: सहा महिन्यांनंतर किती जण ती वापरत आहेत.