आजीने न दाखवलेलं घर

दक्षिण इटलीतलं मातेरा बघायला आम्ही गाइडबरोबर पायी निघालो. डोंगरउतारावर दगडात कोरलेल्या घरांची जुनी वस्ती म्हणजे ‘सास्सी’. एकेका खोलीत अख्खं कुटुंब, सोबत खेचर आणि कोंबड्या. देशाला त्याची लाज वाटायची. १९५२ मध्ये कायदा झाला आणि पुढे सुमारे १५,००० रहिवाशांना नव्या वस्त्यांत हलवलं. १९९३ मध्ये तीच घरं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. आता तिथे हॉटेलं आहेत.

‘माझी आजी इथलीच,’ गाइड म्हणाली, ‘पण घर कुठलं, ते तिने कधीच दाखवलं नाही.’

मी गप्प झालो. बडोद्याच्या वाड्यातली आमची दोन खोल्यांची जागा मीही कॉलेजच्या मित्रांना कधी दाखवली नव्हती. पुढच्या वर्षी वाडा पाडणार आहेत. त्याआधी लेकीला तिथे नेणार आहे.