वैमानिक व्हायचे, पण पासपोर्ट कोणता?

आमच्या वस्त्यांतून परदेशी गेलेली मुले आता बोटांवर मोजण्याइतकी राहिलेली नाहीत. ज्या बापाने रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षे घाम गाळला, त्याचा मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअर होऊन अमेरिकेला जातो, तिथे त्याला मूल होते आणि चार-सहा वर्षांनी ते मूल आजी-आजोबांजवळ शिकायला येते. आठवी-नववीत गेले की ते म्हणते, मला पायलट व्हायचे आहे. घरात पेढे वाटायचेच बाकी असतात. आजोबा नाक्यावर सांगतात, "आमच्या नातवाला दोन देशांचे नागरिकत्व आहे, त्याला कोण अडवणार?"

असे पालक अधूनमधून कागदांची पिशवी घेऊन आमच्याकडे येतात. त्यांच्यासाठी आणि उद्या ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्यासाठी आज लिहीत आहोत.

पहिली गोष्ट म्हणजे भारतात मोठ्या माणसाला दुहेरी नागरिकत्व नाही. घटनेच्या ९ व्या कलमात आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात हे स्पष्ट आहे. स्वेच्छेने परक्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे संपते. मग आजोबा म्हणतात ते काय? पुष्कळदा ते 'ओसीआय' कार्ड असते. २००५ च्या दुरुस्तीनंतर २००६ पासून ही कार्डे मिळू लागली. नावात 'सिटिझन' शब्द आहे म्हणून लोक फसतात. प्रत्यक्षात तो आयुष्यभराचा व्हिसा समजावा. कार्डधारकाला मतदान नाही आणि सरकारी नोकरीत समान संधी देणारे घटनेचे १६ वे कलम त्याला लागू नाही. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने तर 'नीट', 'जेईई' यांसारख्या अखिल भारतीय परीक्षांतून प्रवेश घेतानाही त्याला अनिवासी भारतीयांच्या किंवा जादा जागांवर बसवले. केवळ भारतीयांसाठी राखलेल्या जागा त्याला बंद झाल्या. ज्यांनी त्या तारखेपूर्वी कार्ड घेतले होते त्यांना सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दिलासा दिला, पण आज लहान असलेल्या मुलांना त्याचा उपयोग थोडाच.

खरा दुहेरी नागरिक वेगळाच असतो. आई-बाप भारतीय नागरिक, मूल अमेरिकेत जन्मले, म्हणून तिथल्या कायद्याने जन्मतःच अमेरिकन. बापाने वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद केली, मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे लिहून दिले आणि भारतीय पासपोर्ट घेतला. असे मूल दोन्हीकडचे. परंतु कायद्याच्या ४ थ्या कलमात एक पोटकलम आहे, ते आमच्या लोकांनी पाठ करावे. अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांत त्याने दुसरे नागरिकत्व सोडले नाही, तर भारताचे नागरिकत्व जाते. त्यासाठी कोणी हुकूम काढावा लागत नाही, तारीख उलटली की झाले.

आता विमानाकडे येऊ. गरिबाच्या मुलाला फुकटात विमान चालवायला शिकवणारी जागा कोणती? हवाई दल. बारावीनंतर खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत तीन वर्षे, पुढे हैदराबादजवळ दुंडीगलच्या हवाई दल अकादमीत शिक्षण, आणि हा सगळा खर्च सरकारचा. मुलींनाही हे दार उघडले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर २०२२ साली पहिल्या मुली खडकवासल्याला गेल्या आणि मे २०२५ मध्ये बाहेर पडल्या. इथे जातीनुसार आरक्षण नाही, हेही सांगून ठेवतो. परीक्षा, मुलाखत आणि मेडिकल यांतूनच जावे लागते. पण नागरिकत्व मात्र भारताचे हवे. नियमात नेपाळच्या प्रजाजनाला बसायची सोय आहे, ओसीआय कार्डवाल्या आपल्या नातवाला नाही. कसा न्याय आहे बघा!

आणि एनडीएचे वय काय? साडेसोळा ते साडेएकोणीस. म्हणजे नागरिकत्वाचा निकाल लावायची साडेअठराची रेषा बरोबर याच वर्षांच्या मधोमध येते. सतराव्या वर्षी फॉर्म भरणारा मुलगा कागदावर भारतीय असतो, आणि प्रवेश मिळून कवायत सुरू झाली तरी त्याचे सहा महिने चालूच असतात. अभ्यासाच्या नादात हे कोणाच्या लक्षात राहत नाही. पदवीनंतर हवाई दलाची 'एएफसीएटी' परीक्षा आहे, उड्डाण शाखेसाठी वय वीस ते चोवीस. तोपर्यंत ज्याचे नागरिकत्व गेले, त्याला तीही बंद.

दुसरा रस्ता पैशांचा. कमर्शिअल पायलट लायसन्ससाठी दोनशे तासांचे उड्डाण करावे लागते आणि प्रत्येक तासाचे पैसे मोजावे लागतात. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी आहे, तिथली फीसुद्धा पंचेचाळीस लाखांच्या घरात जाते. तिथे अनुसूचित जातींसाठी राखीव जागा आहेत. १९९० साली बौद्धांचा अनुसूचित जातींच्या यादीत समावेश झाल्याने केंद्राच्या अशा जागांवर आमच्या मुलांचा हक्क लागला. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या अभ्यासक्रमांतही पायलट लायसन्स आहे, उत्पन्नाची अट अडीच लाखांची. मात्र ती शिष्यवृत्ती भारतीय नागरिकालाच. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरून नातवाला जातीचा दाखला मिळवण्याची धडपड आम्ही पाहतो. पण त्या दाखल्याने जात सिद्ध होते, नागरिकत्व नव्हे.

म्हणजे स्वस्तातले जेवढे रस्ते आहेत ते सगळे भारतीय पासपोर्टवरून जातात. तो गेला की मागे उरतो तो प्रॉव्हिडंट फंड काढून, पतपेढीचे कर्ज काढून किंवा गावचा तुकडा विकून फी भरण्याचा रस्ता.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिका दोन नागरिकत्वांना हरकत घेत नाही. २००१ च्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर तिथे विमान शिकू इच्छिणाऱ्या परदेशी माणसाची बोटांच्या ठशांसह सुरक्षा तपासणी होते, ग्रीन कार्डवाल्याचीही. अमेरिकन नागरिक मात्र पासपोर्ट दाखवून शिकायला बसतो, त्याच्याकडे दुसरे नागरिकत्व असले तरी. त्यांच्या हवाई दलात अधिकारी व्हायला अमेरिकन नागरिकत्व हवे, शिवाय सुरक्षेची मंजुरी. २००० सालच्या एका आदेशाने तिथे परका पासपोर्ट परत करायला लावत. जून २०१७ च्या नव्या नियमांनी दुसरे नागरिकत्व हे एवढ्यावरूनच नाकारण्याचे कारण राहिले नाही. लपवले तर मात्र ते विरुद्ध जाते. तेव्हा ज्या मुलाचे आई-बाप तिथेच स्थिरावले आहेत आणि ज्याला पुढे तिथेच राहायचे आहे, त्याने अमेरिकन पासपोर्ट ठेवण्यात काही गैर नाही.

इथे घराघरांत वाद होतो. बाप तिकडून फोनवर सांगतो, अमेरिकेचे सोडू नका, लोक त्यासाठी जन्म घालवतात. आजी म्हणते, पोरगा माझ्याजवळ राहू दे. आमचे मत विचाराल तर मुलाचे मन हवाई दलावर असेल आणि घरात पंचेचाळीस लाख नसतील, तर भारतीय पासपोर्ट सांभाळावा. पण अमेरिकेचे नागरिकत्व आई-बाप मुलाच्या वतीने सोडू शकत नाहीत. त्याने स्वतः अमेरिकन कॉन्सुलेटच्या अधिकाऱ्यापुढे उभे राहून शपथ घ्यायची असते, आणि एकदा सोडले की सहसा परत मिळत नाही. म्हणून मुलाला बाजूला बसवून आजोबांनी आणि बापाने निर्णय ठरवू नये. त्याला कायदा समजावून सांगा, तोही सतराव्या वर्षीच. कॉन्सुलेटची वेळ मिळायला महिने जातात, आणि सहा महिने म्हणजे काही फार दिवस नव्हेत.

काही जण दोन्ही पासपोर्ट कपाटात ठेवतात आणि विचारील तिथे सोयीचा दाखवतात. 'कोणाला कळते?' असे आम्हालाच विचारतात. पोलिस पडताळणीत कळते, व्हिसाच्या शिक्क्यांवरून कळते, जन्माच्या दाखल्यावर जन्मस्थळ लिहिलेलेच असते. फॉर्मवर खोटे लिहून मिळवलेला प्रवेश पुढे केव्हाही रद्द होऊ शकतो, आणि भरलेले पैसे कोण परत देणार?

फी भरण्यापूर्वी मुलाचे मेडिकल करून घ्यावे, रंग ओळखण्यात दोष निघाला तर पुढचा खर्च वाचतो. खासगी फ्लाइंग क्लबात जायचे असल्यास मुलाचे नागरिकत्व सांगून प्रवेशाची अट लेखी मागावी, तोंडी 'हो जाईल'वर विसंबू नये. ज्यांना कागद तपासून हवे असतील त्यांनी मुलाचा जन्माचा दाखला, वकिलातीतील नोंदणीचे प्रमाणपत्र, असतील तेवढे सगळे पासपोर्ट आणि आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, सर्वांच्या दोन-दोन झेरॉक्स घेऊन यावे. मूळ कागद आमच्याकडे ठेवून जाऊ नयेत.