शेवाळाचा डबा

परवा पवनीला वैनगंगेच्या घाटावर पाय घसरला आणि पहिली शिवी शेवाळाला गेली. असो.

पण गंमत बघा. पुरात गुळगुळीत दगडावरचं शेवाळ धुऊन निघतं. खडबडीत दगडाच्या खाचांत मात्र थोडं तग धरतं आणि तिथूनच परत पसरतं. गोगलगायींचं तोंडही तिथे नीट पोचत नाही. वाळूवर तर कठीणच, कण सारखे लोळतात.

म्हणूनच, २०१४ साली जलयुक्त शिवार आल्यापासून गावोगावी नाले खोल झाले, ते ठीक, पाणी मुरायलाच हवं. पण जेसीबीने दगडगोटेही उपसून तळ सपाट करणं मला पटत नाही. पाण्यातले किडे, त्यांच्यावर जगणारे मासे, सगळ्यांचा डबा त्या दगडांवरच असतो हो! उपसलेल्यातले चार खडबडीत दगड परत टाकायला डिझेल तरी किती लागणार?