मिथकाचा मुखवटा आणि मृतांची गणना

विद्यापीठीय परिसरात घडणारी, ग्रीक पुराणकथेचा आधार घेणारी मनोविश्लेषणात्मक खूनकथा हा पाश्चात्त्य कादंबरीचा आता प्रतिष्ठा पावलेला प्रकार आहे. डोना टार्ट यांची ‘द सीक्रेट हिस्टरी’ (१९९२) आणि अ‍ॅलेक्स मायकेलिडीस यांची ‘द मेडन्स’ (२०२१) ही त्याची ठळक उदाहरणे. अशा कृतींसमोर मराठी समीक्षा दोन टोकांना जाते. एक तर ती खूनकथेला ‘रंजनपर’ ठरवून उंबरठ्याबाहेर ठेवते. नाहीतर डायोनायसस, पर्सिफनी ही नावे दिसताच आदिबंधाची परिभाषा घेऊन तिच्यापुढे नतमस्तक होते. या दोन्ही भूमिका परस्परविरोधी भासल्या, तरी त्यांत एक साम्य आहे. मारले गेलेले माणूस दोन्हींच्या हिशेबात नाही.

वस्तुतः ग्रीक शोकात्मिकेचा हिशेब नेमका तेथूनच सुरू होतो. पु. ल. देशपांडे यांनी सोफोक्लीजचे नाटक ‘राजा ओयदिपौस’ या नावाने १९७९ मध्ये मराठीत आणले. वर्गांतून ते शिकवले जाते ते नियती, शोकात्म प्रमाद आणि विरेचन या त्रयीच्या आधारे. पण त्या नाटकाची रचना तपासाची आहे. लेयसचा खून कोणी केला, हा प्रश्न राजा सर्व नगरासमक्ष विचारतो आणि उत्तर प्रश्नकर्त्यापाशीच येऊन थांबते. युरिपिडीजच्या ‘बाकाय’मध्ये उन्माद हा शेवट नाही, उन्माद ओसरल्यावर आपल्या हातातील मस्तक पुत्राचे आहे, हे अगावेला ओळखावे लागते. एस्किलसच्या ‘ओरेस्तेइया’त मृत क्लायटेम्नेस्ट्रासाठी सूडदेवता बोलतात आणि निर्णय न्यायसभेत मते मोजून होतो. सारांश, ग्रीक नाटककारांनी मिथक वापरले ते उत्तरदायित्व पुसून टाकण्यासाठी नव्हे, तर ते निश्चित करण्यासाठी.

आधुनिक परिसर-कादंबरीत हा क्रम उलटतो. टार्ट यांच्या विद्यार्थ्यांच्या बाखिक अनुष्ठानात एक शेतकरी मारला जातो. कादंबरीत त्याला जवळजवळ स्थानच नाही. टार्ट यांना ही निर्ममता निदान ठाऊक आहे आणि ती निवेदकाच्या सौंदर्यासक्तीतून त्या उघड करतात. ‘द मेडन्स’मध्ये मात्र पर्सिफनीची कथा केंब्रिजच्या खुनांवर पांघरलेले भरजरी वस्त्र ठरते.

आपल्याकडे असे लेखन नाही, कारण आपल्याला ग्रीक वारसा नाही, हे उत्तर टिकणारे नाही. वारसा नसेल, प्रसंग आहे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा माणसे मारली गेली. मारणारे अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. पहिला बळी त्यांच्याच परिचयातील तरुण. १ डिसेंबर १९७६ च्या रात्री भांडारकर रस्त्यावरील घरात जे पाच जण मारले गेले, त्यांत होते ‘अ डिक्शनरी ऑफ संस्कृत ग्रामर’चे कर्ते काशिनाथशास्त्री अभ्यंकर. कलाशिक्षण घेणाऱ्या तरुणांनी एका वैयाकरणाचा जीव घ्यावा, यापेक्षा विद्येच्या नगरीला अधिक अस्वस्थ करणारा प्रश्न कोणता? महाराष्ट्र साहित्य परिषद आणि ते महाविद्यालय एकाच टिळक रस्त्यावर; नारायण पेठेतला केसरीवाडाही तेथून पायी गाठण्याच्या अंतरावर. म्हणजे हा प्रश्न मराठी वाङ्मयव्यवहाराच्या दारातच उभा होता.

त्याचे काय झाले? आरोपींपैकी मुनव्वर शाह याचे तुरुंगातील आत्मकथन ‘येस, आय अ‍ॅम गिल्टी’ वाचले गेले. १९८३ च्या नोव्हेंबरात चौघांना येरवड्यात फाशी झाली. पुढे ‘माफीचा साक्षीदार’ (१९८६) हा चित्रपट आला. त्याचे नावही मृतांवरून नव्हे, माफी मिळालेल्या आरोपीच्या पदावरून. आवाज राहिला तो मारणाऱ्यांचा. मृतांपैकी लोकस्मरणात उरली ती ‘जोशी-अभ्यंकर’ ही दोन आडनावे. पहिला आणि अखेरचा बळी त्या जोडनावात नाहीत. अभ्यंकरांच्या घरात काम करणारी, त्यांच्याबरोबरच मारली गेलेली वृद्ध स्त्रीही नाही. ही गाळणी वर्गाची आहे आणि स्मृतीचीही आहे. समीक्षेने तिच्याकडे पाहायला हवे होते.

त्याऐवजी मिथकसमीक्षेकडून अपेक्षित असे वाचन सहज कल्पिता येते. आणीबाणी म्हणजे थीब्जची साथ, मारेकरी म्हणजे डायोनायससचे अनुचर. आणीबाणी उठली २१ मार्च १९७७ रोजी आणि अखेरचा खून झाला तो २३ मार्चला. तेव्हा रूपक जुळवणाऱ्यास हा योगायोग मोहात पाडणारच. पण रूपक जुळले की चौकशी थांबते. काळाने खून केले, असे म्हटले की कोणी केले, कोणाला मारले आणि शेजारी कोण गप्प राहिले, हे विचारावे लागत नाही.

खऱ्या घटनेवर कादंबरी रचणे हे आप्तांच्या दुःखाचा व्यापार ठरेल, हा आक्षेप गंभीर आहे. परंतु तो मारेकऱ्याच्या मनोव्यापारात रमणाऱ्या लेखनाला लागू पडतो; मृतांची गणना करणाऱ्या लेखनाला नव्हे. मराठी खूनकथेने ग्रीकांकडून काही घ्यायचेच असेल, तर देवतांची नावे घेऊ नयेत. अगावेला विचारला गेलेला प्रश्न घ्यावा: हातात आहे ते मस्तक कुणाचे? आणि हा प्रश्न ज्या समीक्षेला विचारता येत नाही, तिने निदान त्याला रंजन म्हणून हिणवू नये.