मशीन कर्जाचं, सॉफ्टवेअर ‘क्रॅक’चं : छोट्या वर्कशॉपचं गणित कुठं चुकतं?

कोल्हापूर : शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीच्या आसपासच्या गावांत शेतीला जोड म्हणून मशीन शॉप काढणारी पोरं नवी नाहीत. फौंड्रीतून कास्टिंग येतं, त्यावर फेसिंग, ड्रिलिंग, बोअरिंग करून परत जातं. पूर्वी हे काम लेथवर आणि रेडियल ड्रिलवर व्हायचं, आता सीएनसी आणि व्हीएमसी आलंय. मशीनला बँकेचं कर्ज मिळतं, शेड उभी राहते, कॉम्प्रेसर आणि स्टॅबिलायझर येतो. पण मशीनला काम सांगणाऱ्या सॉफ्टवेअरचा खर्च प्रकल्प अहवालात अनेकदा धरलेलाच नसतो. मग ते कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून येतं. गणित चुकतं ते इथंच.

आधी काम बघा

कॅडमध्ये पार्टचं चित्र किंवा मॉडेल तयार होतं. त्या मॉडेलवर टूल कसं फिरायचं हे कॅममध्ये ठरतं आणि त्यातून मशीनला कळणारा जी-कोड निघतो. दोन्ही गोष्टी प्रत्येकाला लागतातच असं नाही.

ज्याच्याकडे फेसिंग, ड्रिलिंग, टॅपिंग आणि बोअरिंगचंच काम येतं, त्याचं बहुतेक काम हाताने लिहिलेल्या प्रोग्रामवर भागतं. फॅनक कंट्रोलवर ड्रिलिंगला जी ८१, खोल भोकाला जी ८३, टॅपिंगला जी ८४ अशी तयार सायकल असते. एकदा प्रोग्राम बसला की तोच पार्ट महिनोन्‌महिने चालतो. अशा शॉपने महागडं कॅम घेणं म्हणजे दहा गुंठ्यांसाठी मोठा ट्रॅक्टर घेण्यासारखं आहे. त्याला ड्रॉइंग नीट वाचणारा आणि प्रोग्राम लिहिणारा माणूस जास्त उपयोगाचा.

पॅटर्न, कोअर बॉक्स किंवा डाय करणाऱ्याचं तसं नाही. तिथं वळणदार पृष्ठभाग असतात, कोड हजारो ओळींचा होतो. तो हाताने लिहिता येत नाही, कॅम लागतंच. म्हणून पहिला प्रश्न ‘कुठलं सॉफ्टवेअर चांगलं’ हा नाही. ‘येत्या दोन वर्षांत दारात काम कुठलं येणार’ हा आहे.

फुकटात काय मिळतं?

ऑटोडेस्कच्या फ्यूजनची एक आवृत्ती फुकट मिळते, म्हणून अनेक जण तीच घेतात. पण ती वैयक्तिक, बिनव्यावसायिक वापरासाठी आहे. शिवाय २०२० मध्ये कंपनीने तिला कात्री लावली. एका वेळी दहाच डिझाइन बदलता येतात. आपोआप टूल बदलणारा प्रोग्राम निघत नाही. टूलची रिकामी चालसुद्धा कटिंगच्या वेगाने होते, म्हणजे मशीनचा वेळ वाया जातो. जॉबवर्क करून बिल फाडणाऱ्याने ती वापरायची नाही. कॉलेजातून मिळालेलं विद्यार्थी लायसन्सही शिकण्यापुरतंच असतं. शॉपच्या कामाला ते चालत नाही.

फ्रीकॅडची गोष्ट वेगळी. ते धंद्यासाठीही फुकट वापरता येतं, त्याला लायसन्सची मुदत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. त्यात कॅमचा भागही आहे. शिकायला मात्र चिकाटी लागते आणि अडलं तर फोन उचलायला डीलर नसतो. साधे ब्रॅकेट, फिक्स्चर, प्लेट करणाऱ्याने पैसे घालण्याआधी ते करून बघायला हरकत नाही.

विकत घ्यायचं तर खंडाने की कायमचं?

पूर्वी सॉफ्टवेअर एकदा घेतलं की आपलं व्हायचं. ऑटोडेस्कने २०१६ मध्ये नवी कायमची लायसन्सं विकणं बंद केलं आणि वर्षाच्या भाड्यावर आलं. हे खंडाने जमीन कसण्यासारखंच आहे. पहिल्या वर्षी कमी पैसे लागतात, पण खंड थांबला की बांधावर उभं राहावं लागतं. म्हणून भाड्याने घेणाऱ्याने आपली मॉडेल ‘स्टेप’ फाइलमध्ये आणि चालू प्रोग्राम वेगळ्या ड्राइव्हवर काढून ठेवावेत. कायमचं लायसन्स देणाऱ्या कंपन्याही आहेत. तिथं दर वर्षीचा देखभाल करार किती रुपयांचा, हे आधीच लिहून घ्यावं.

खर्च दिवसावर आणला की निर्णय सोपा होतो. समजा सॉफ्टवेअरला वर्षाला ६०,००० रुपये लागतात. महिन्याचे ५,००० झाले, २५ दिवसांच्या कामावर रोजचे २०० रुपये. मशीनचा दर तासाला ४०० धरला तर रोज अर्धा तास वाचला तरच खर्च निघतो. तेवढा वेळ वाचत नसेल तर थांबावं. सॉफ्टवेअरवर १८ टक्के जीएसटी लागतो. नियमित जीएसटी भरणाऱ्याला त्याचं क्रेडिट मिळतं, कंपोझिशनवाल्याला नाही.

खरी परीक्षा पोस्ट प्रोसेसरची

सॉफ्टवेअर कितीही नावाजलेलं असलं तरी त्यातून निघालेला कोड आपल्या मशीनच्या कंट्रोलला कळला पाहिजे. हे काम पोस्ट प्रोसेसर करतो. फॅनक, सीमेन्स, मित्सुबिशी यांची भाषा थोडी थोडी वेगळी आहे. पोस्ट चुकीचा असेल तर टूल भलत्या उंचीवरून धावतं आणि जॉबमध्ये किंवा व्हाइसमध्ये घुसतं. मग स्पिंडलची दुरुस्ती, कामाचा खाडा आणि बँकेचा हप्ता एकदमच अंगावर येतात. डीलरने लॅपटॉपवर दाखवलेला डेमो पुरेसा नाही. आपलाच एक पार्ट द्यावा, आपल्याच मशीनवर आधी हवेत आणि मग सिंगल ब्लॉकवर चालवून घ्यावा, नंतरच पैसे द्यावेत. पोस्टमधली दुरुस्ती किमतीत धरली आहे का, तेही कोटेशनवर लिहून घ्यावं.

‘क्रॅक’चा धोका

‘सगळेच वापरतात’ हे उत्तर कायद्यापुढं चालत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ ब नुसार जाणूनबुजून चोरीची प्रत वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट सवलत देऊ शकतं, पण वर्कशॉप हा धंदाच आहे. अशा प्रती इंटरनेटला जोडल्या की कंपनीला खबर जाऊ शकते. क्रॅक टाकताना अँटिव्हायरस बंद करायला लावतात, ते वेगळंच. आणि पोस्ट बिघडला तर मदत कुणाकडे मागायची?

जी पोरं यंदा मशीनचं कोटेशन घेत फिरताहेत, त्यांनी त्याच फाइलमध्ये सॉफ्टवेअर आणि प्रशिक्षणाचं कोटेशन लावावं आणि कर्जात ते बसतं का, हे बँकेला विचारावं. शिकण्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या सरकारी संस्थेत कॅड-कॅमचे कोर्स आहेत. ज्यांचं काम सध्या ड्रिलिंग-टॅपिंगचंच आहे, त्यांनी हाताने प्रोग्राम लिहायला शिकून सुरुवात करावी. पॅटर्नचं किंवा डायचं काम हातात आलं की त्या कामाच्या पैशातून कॅम घेता येईल.