शब्द, सही आणि करार

'कागदावर सही नाही, मग करार कसला?' हा प्रश्न ई-मेलने ठरलेल्या व्यवहारांबद्दल आपल्या धार-देवासच्या मराठी घरांतून आजही ऐकू येतो. आमच्या मते हा समज चुकीचा तर आहेच, पण घातकही आहे.

करार कागदात नसतो, तो संमतीत असतो. एकाने प्रस्ताव मांडावा, दुसऱ्याने तो स्वखुशीने स्वीकारावा आणि हेतू व मोबदला कायदेशीर असावा, ही १८७२ च्या भारतीय करार कायद्याची मुख्य अपेक्षा होय. संमतीची खूण मात्र काळानुसार पालटत आली आहे. पवारांच्या काळी पत्र कारकून मोडीत लिही आणि त्यास प्रामाण्य येई ते शिक्क्याने. 'शिक्कामोर्तब' हा शब्द त्याचाच अवशेष. आज देवासच्या छापखान्यात नोटा छापल्या जातात. त्यांवरील वचनाखालची सही छापील असते, म्हणून कोणी नोट नाकारीत नाही.

न्यायालयांनीही हेच धोरण स्वीकारले. अहमदाबाद व खामगाव येथील व्यापाऱ्यांचा सरकीच्या पेंडीचा सौदा टेलिफोनवर झाला होता. तो कोठे पुरा झाला, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. स्वीकृती जेथे ऐकू आली, तेथे करार झाला, असा निर्णय १९६५ साली मिळाला. पुढे २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम १०-अ आले: केवळ इलेक्ट्रॉनिक साधन वापरले, एवढ्याच कारणाने करार निष्फळ ठरत नाही. २०१० साली ट्रायमेक्स विरुद्ध वेदान्त या बॉक्साइटच्या खटल्यात, मुख्य अटी ई-मेलने ठरल्या असता औपचारिक करारपत्रावर सह्या झाल्या नाहीत तरी करार पक्का, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले.

अर्थात मर्यादा आहेत. मृत्युपत्र ई-मेलने होत नाही. घरजमिनीच्या विक्रीस नोंदणी लागतेच. शिवाय अठरा वर्षांखालील व्यक्तीस करार करण्याची पात्रता नाही.

विद्यार्थिमित्रहो, ही शेवटची तरतूद तुमच्या रक्षणासाठी आहे, निष्काळजीपणासाठी नव्हे. उद्या तुमच्यापैकी कोणी पीथमपूरच्या कारखान्यात मालाची मागणी स्वीकारील. 'मान्य आहे' हे दोन शब्द धाडण्यास क्षणही लागणार नाही. पण ते मागे घेणे तितके सोपे नसेल. म्हणून अटी पुऱ्या वाचाव्यात, पत्रव्यवहार जपून ठेवावा, आणि मगच होकार द्यावा. दिलेला शब्द पाळणे हा पूर्वी कुलाचार होता. आज तो कायदाही आहे.